काटेवाल्यांची पाण्याची तूट

काटेवाले भंगाराच्या डेपोवर ट्रकांची वजनं करत. सव्वीस वर्षं त्यांनी दुसरं काहीच केलं नव्हतं, त्यामुळे डेपोवर, गल्लीत, अगदी सासुरवाडीतही ते काटेवालेच होते. खुद्द बायकोला त्यांचं खरं नाव एखादा फॉर्म भरायला बसल्यावरच आठवायचं.

डेपोच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला मोठा काटा होता. जमिनीत बसवलेला लोखंडी चौथरा, त्यावर अख्खा ट्रक चढायचा. शेजारी काचेची केबिन, आणि केबिनच्या पायरीला लागून छोटा काटा, सुट्या पोत्यांसाठी. ट्रक भरून आला की पहिलं वजन, माल उतरवून रिकामा परतला की दुसरं. पहिल्यातून दुसरं वजा करा, उरेल तो माल. जगातले निम्मे तंटे माणसांना ही एक वजाबाकी नीट येत नाही म्हणून होतात, असं काटेवाल्यांचं मत होतं आणि ते जेवताना वरचेवर सांगत.

ही वजाबाकी कशी फसवता येते, हेही त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी लंबू नावाचा एक ड्रायव्हर, सहा फूट तीन इंच आणि त्याला शोभेलशा मिशा, भरलेल्या ट्रकच्या वजनाला आत स्टिअरिंगवर बसून राहायचा आणि रिकाम्याच्या वजनाला चहा प्यायच्या निमित्ताने खाली उतरायचा. म्हणजे दर खेपेला नव्वद किलोचा लंबू लोखंड म्हणून डेपोच्या गळ्यात. काटेवाल्यांनी तिसऱ्याच खेपेला त्याला पकडला आणि सगळ्या रांगेसमोर विचारलं, की तू रोज स्वतःला भंगारात घालतोस हे घरी माहीत आहे का. त्या दिवशी त्यांनी केबिनच्या काचेवर आतून कागद चिकटवला: ‘आधी उतरा, मग बोला.’ कागद पिवळा पडला, पण उतरला नाही. लंबूही डेपोला येत राहिला, आणि फाटकाबाहेरच दार उघडून एक पाय खाली सोडायची त्याला सवय लागली.

घरी त्यांच्या बायकोचा कपडे अल्टर करायचा व्यवसाय होता. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, खिडकीत टाचण्यांचा डबा, गळ्यात टेप. ती इंचात विचार करायची आणि ते किलोत, आणि एवढ्यावर सव्वीस वर्षांचा संसार बऱ्यापैकी झाला होता. तिचा स्वभाव काळजीचा. नवरा पाच मिनिटं उशिरा आला की ती आधी खिडकीत, मग जिन्यात, मग गल्लीच्या तोंडाशी दिसायची. ते मात्र तिच्या काळजीला भीक घालत नसत, कारण काळजीचं वजन करता येत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर काटेवाल्यांच्या कमरेत कळ आली. मूतखडा निघाला, पण बारीक. डॉक्टर म्हणाले, आपोआप पडेल, दिवसभरात अडीच लिटर पाणी थोडं थोडं करून पीत जा, आणि उन्हात घाम जाईल तेवढं भरून काढा. दुसरा कुणी असता तर मान डोलावून घरी गेला असता. काटेवाल्यांनी विचारलं, घाम किती गेला हे कळणार कसं? दाराशी पुढचा पेशंट उभा होता. डॉक्टर हसून म्हणाले, “तुमच्याकडे काटा आहेच की.”

ती थट्टा होती. बायकोला कळली. काटेवाल्यांनी ती लिहून घेतली.

खडा आठव्या दिवशी पडला. त्यांनी तो काडेपेटीत घालून डेपोवर नेला आणि छोट्या काट्यावर ठेवला. काट्याने त्याची दखलही घेतली नाही. एवढ्याशा वस्तूने एवढा त्रास द्यावा हे त्यांच्या मनाला लागलं, आणि पुन्हा खडा होऊ द्यायचा नाही असा त्यांनी विडा उचलला. एक वही घातली. वहीत तीन रकाने पाडले: सकाळ, संध्याकाळ, तूट. सकाळी डेपोवर पोहोचले की छोट्या काट्यावर उभं राहायचं आणि आकडा लिहायचा. संध्याकाळी निघताना पुन्हा उभं राहायचं. फरक पडेल ती तूट, म्हणजे अंगातून गेलेलं पाणी. ती त्याच दिवशी भरायची.

पहिल्याच दिवशी तूट निघाली अडीच किलो. घरी येऊन त्यांनी चपला काढल्या, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि अर्ध्या लिटरच्या स्टीलच्या पेल्याने पाच पेले रिचवले. डेपोवर दोन लिटरची बाटली आधीच संपवली होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. एवढी तूट पडते म्हणजे दिवसा प्यायलेलं पुरत नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि दोनऐवजी तीन लिटर न्यायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सकाळचं वजन बरोब्बर एक किलोने वाढलं.

“बघ,” त्यांनी बायकोला वही दाखवली, “लागू पडतंय.”

पण संध्याकाळची तूटही एक किलोने वाढली होती. मग तीनाचे चार लिटर झाले, चाराचे पाच. खांद्यावरची कॅनव्हासची बॅग फुगत गेली. बायको सकाळी बाटल्या भरून द्यायची, ते डेपोवर त्या संपवायचे आणि घरी येऊन जवळजवळ तेवढंच पाणी पुन्हा प्यायचे, जेवणाआधीच्या दीड तासात. जेवण आपोआप कमी झालं. पोटात पाणीच इतकं असायचं, की त्यात अन्नाला पोहत जावं लागलं असतं.

डेपोवर याचे पडसाद उमटले. संडास केबिनपासून नव्वद पावलांवर होता, तोही भंगार मोटारींच्या ढिगामागे. काटेवाल्यांनी ‘दोन मिनिटांत येतो’ अशी पाटी केली आणि ती सव्वीस वर्षांत पहिल्यांदा टेबलावर आली. दोनाची पाच मिनिटं व्हायला लागली. ट्रकांची रांग फाटकाबाहेर गेली. ड्रायव्हर लोकांनी त्यांच्या फेऱ्यांवर पैजा लावल्या, आणि तासाला तीन म्हणणारा लंबू बहुतेक वेळा जिंकायचा.

मग डोकं दुखायला लागलं. शेजारच्या मावशींना सगळ्या आजारांवर मत असायचं. त्या म्हणाल्या, डोकं दुखतं म्हणजे अंगात पाणी कमी आहे. काटेवाल्यांनी एक पेला वाढवला. डोकं आणखी दुखलं, आणखी एक पेला वाढवला. मग मळमळ सुरू झाली, पिंडऱ्यांत गोळे यायला लागले, आणि हे सगळं पाण्याच्या तुटीचंच लक्षण आहे याबद्दल त्यांची खात्री होत गेली. एकदा ते शर्टाची बटणं एक घर सोडून लावून डेपोवर गेले. एकदा बायकोला त्यांनी तिच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि लक्षातही आलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय असं तिला वाटायला लागलं, पण कुठे ते सापडेना. शेवटी तिने आपल्या शास्त्राचा आधार घेतला. टेप काढून त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली आणि म्हणाली, की रोज पाच किलो उतरता म्हणता, मग ही पँट अर्धा इंचही सैल कशी होत नाही?

“कारण मी रोज भरून काढतो,” काटेवाले म्हणाले.

तिने टेप गुंडाळून ठेवली.

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, लंबू रिकामा ट्रक घेऊन दुसऱ्या वजनाला आला, खाली उतरला आणि पावती घेतली. पावतीवर भरलेला ट्रक आठ टन होता आणि रिकामा अकरा. म्हणजे लंबूने डेपोला माल दिला नव्हता, उलट डेपोतून तीन टन उचलून नेला होता. लंबू खिडकीशी वाकून हळूच म्हणाला, साहेब, आकडे उलटे पडलेत. दुसऱ्या कुठल्याही दिवशी अशा वाक्यावर काटेवाल्यांनी त्याला पाणी पाजलं असतं. त्या दिवशी त्यांनी मान वर करून बराच वेळ त्याच्या मिशांकडे पाहिलं.

“आत्या,” ते म्हणाले, “तू कधी आलीस?”

आणि मग त्यांना टेबलावरच उलटी झाली. उठायला गेले तर पाय टेकेनात. लंबूने त्यांना पोत्यासारखं खांद्यावर टाकलं, ट्रकमध्ये घातलं आणि थेट हॉस्पिटलच्या दारात नेलं. दारावरचा वॉचमन ट्रक आत सोडेना, तेव्हा लंबूने आयुष्यात पहिल्यांदा उतरायच्या आधी बोलून घेतलं, आणि जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बायको पोहोचली तेव्हा तिच्या गळ्यात टेप तशीच होती. इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय काय त्रास होता, काय खात होते, काय पीत होते. ती म्हणाली, खाणं कमी आहे, पण पाण्याच्या बाबतीत एक दिवसही हयगय नाही. किती पाणी, असं बाईंनी विचारलं. तिने लंबूने सोबत आणलेल्या त्यांच्या बॅगेतून वही काढून दिली. बाईंनी तीन पानं वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तीच तीन पानं पुन्हा वाचली.

रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम एकशे सतरा होतं, ते एकशे पस्तिसाच्या वर असायला हवं. बाईंनी सांगितलं ते असं: मूत्रपिंडं एका तासात ठरावीकच पाणी बाहेर टाकू शकतात, आणि त्यासाठी पोटात थोडं अन्न, थोडं मीठ लागतं. त्यापेक्षा जास्त ओतलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि पाणी पेशींमध्ये शिरतं. पेशी सुजतात. दुसरीकडे कुठे सूज आली तर पसरायला जागा असते, मेंदूला नसते. म्हणून डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भलतंसलतं बोलतो.

“आणि डोकं दुखलं की हे काय करायचे?”

“पाणी प्यायचे,” बायको म्हणाली, आणि हे वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर तिला बसावंसं वाटलं.

त्यांना मिठाचं सलाईन लावलं, तेही अगदी बेताने, कारण सोडियम घाईने वाढवणंही धोक्याचं असतं. पाण्यावर बंदी घातली, दिवसभरात मोजून एक लिटर. दोन दिवस ती बेडशेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसून होती. नर्स येऊन विचारायची, आजोबा, तुम्ही कुठे आहात? पहिल्या दिवशी ते म्हणाले, वजनाच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हॉस्पिटलमध्ये. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मी एकावन्न वर्षांचा आहे, आजोबा कुणाला म्हणतेस? तेव्हा बायकोने तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवून घेतलं.

पण शुद्धीबरोबर हट्टही परत आला. आठ टन आणि अकरा टनांची पावती रद्द केली का, हे त्यांनी पहिलं विचारलं. मग त्यांनी वही मागवली आणि हिशेब मांडला. रोज साडेपाच किलोची तूट, इथे मिळतं एक लिटर, म्हणजे तीन दिवसांत साडेतेरा किलोची थकबाकी. घरी गेल्यावर टप्प्याटप्प्याने भरावी लागेल. बायकोने डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं पुन्हा एकदा ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई हुशार आहेत,” ते म्हणाले, “पण त्यांनी काटा पाहिलेला नाही. माणूस चुकतो. काटा चुकत नाही.”

ती बाहेर कॉरिडॉरमध्ये गेली आणि तिने बाईंना गाठलं. हे घरी गेले की पुन्हा पिणार, असं सरळ सांगितलं. बाईंनीही आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, या वेळी वेळेवर आलात. पुढच्या वेळी फिट येईल, आणि फिट आल्यावर सगळेच परत शुद्धीवर येतात असं नाही. परवा डिस्चार्ज. तोवर त्यांच्या डोक्यातून हे काढा.

डोक्यातून काढा. सव्वीस वर्षांत तिने त्या डोक्यातून एक गोष्ट काढली नव्हती, जुन्या छत्रीचा हट्टसुद्धा नाही. रडून, शपथा घालून, अबोला धरून उपयोग नव्हता. वही बाहेर निघाली की सगळं फोल. काट्याला उत्तर काट्यानेच द्यायला हवं होतं, आणि तो तिचा प्रांत नव्हता.

केबिनची किल्ली बॅगेतच राहिली होती, ती पोहोचवायची या निमित्ताने दुसऱ्या दिवशी ती डेपोवर गेली. जाताना सवयीने तिने तिन्ही बाटल्या भरून बॅगेत घातल्या आणि डबाही भरला. अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं, की आज या बॅगेचा धनी डेपोवर नाहीच. खांदा भरून आला होता, पण परत फिरायचा कंटाळा केला.

केबिनपाशी लंबू उभा होता. काटेवाल्यांच्या गैरहजेरीत मालकाने केबिन त्याच्यावर सोपवली होती, कारण काट्यावरची सगळी लबाडी माहीत असलेला तोच एक उरला होता. वहिनी, साहेब कसे आहेत, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं. मग छोट्या काट्याकडे पाहून म्हणाली, की मला एकदा दाखव, ते वजन कसं करायचे. नेमकं कसं.

लंबूने अगदी नक्कल करून दाखवली. सकाळी फाटकातून यायचे, घड्याळ बघायचे, चपला पुसायचे, काट्यावर चढायचे, आकडा बघायचे, वही काढायचे.

“कुठून काढायचे वही?”

“बॅगेतून,” लंबू म्हणाला.

“आणि बॅग कुठे असायची?”

लंबूने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्याने तिच्या खांद्यावरच्या बॅगेकडे पाहिलं. मग केबिनच्या काचेवरच्या पिवळ्या कागदाकडे पाहिलं. त्याच्या मिशा आधी थरथरल्या, मग हलल्या, आणि मग तो काट्याच्या कठड्याला धरून हसत खाली बसला.

“वहिनी,” तो म्हणाला, “ड्रायव्हर उतरलाच नाही.”

तिला हसायला यायला थोडा वेळ लागला. सकाळी भरलेली बॅग खांद्यावर, संध्याकाळी रिकामी बॅग खांद्यावर. अंगातून रोज जाते असं ते समजत होते, ती तूट बाटल्यांची होती. जितक्या बाटल्या जास्त, तितकी तूट जास्त, तितकं घरी पिणं जास्त. आणि बाटल्या भरून देणारी ती स्वतः. ती पायरीवर लंबूशेजारी बसली आणि दोघं जण इतकी हसली, की रांगेतल्या ट्रकवाल्यांना वाटलं, काटेवाल्यांचं काहीतरी बरंवाईट होऊन या बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “पावती पाहिजे. रीतसर.”

संध्याकाळी हॉस्पिटलात काटेवाले उशाला टेकून बसले होते. थकबाकी आता अठरा किलोंवर गेली होती. तिने डेपोची पावती त्यांच्या मांडीवर ठेवली. पावती पाहिली की त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जायचा, तसा गेला.

वाहन: साहेबांची बॅग. भरलेलं वजन: सात किलो शंभर ग्रॅम. रिकामं वजन: एक किलो सहाशे ग्रॅम. निव्वळ माल: साडेपाच किलो. मालाचा प्रकार: पाणी पाच लिटर, डबा.

त्यांनी वजाबाकी बोटावर करून पाहिली. बरोबर होती. त्यांनी वही उघडली आणि शेवटच्या आठवड्याचा तुटीचा रकाना पावतीशेजारी धरला. साडेपाच, पाच सहाशे, साडेपाच, पाच चारशे. त्यांच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या.

“सकाळीही बॅग होती, संध्याकाळीही बॅग होती,” ते म्हणाले. “मला वाटलं, दोन्हीकडून कटली.”

“हो,” बायको म्हणाली.

“मी त्या लंबूला सगळ्या रांगेसमोर बोललो होतो.”

“हो.”

“या पावतीवर सही नाहीये. सहीशिवाय पावती चालत नाही.” त्यांनी तिच्याकडे पेन मागितलं, खाली आपली नेहमीची सही केली, तारीख घातली, पावती घडी करून वहीत ठेवली आणि वही तिच्या हातात दिली. ती वही ते पुन्हा मागणार नाहीत, हे तिला त्या देण्यातच कळलं. चार दिवस तिच्या छातीवर जे काही बसलं होतं ते उठलं, आणि त्याचं वजन किती होतं हे तिला तेव्हाच समजलं.

“लंबूला यातलं काही सांगू नकोस,” ते म्हणाले.

“अहो, त्यानेच लिहिलीय ती.”

काटेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. सोमवारी डेपोच्या फाटकापाशी कोण कोण उभं असेल आणि काय काय बोलेल, हे त्यांना ट्रकच्या नंबरांसकट दिसत असावं. थोड्या वेळाने त्यांनी एक डोळा उघडला.

“थोडं पाणी दे.”

तिचा हात जगवर थबकला. “कशासाठी?”

ते जरा विचारात पडले, जणू हा प्रश्न त्यांना कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

“तहान लागलीय,” ते म्हणाले.

तिने अर्धा पेला भरून दिला. ते हळूहळू प्यायले, आणि तळाशी उरलेला घोट तसाच ठेवून त्यांनी पेला खाली ठेवला.